चाळीस दिवस सोडलेला खर्रा ईस्टरच्या दुपारी परत आला

धुऱ्यावरचा | ७ एप्रिल, रात्री ९:४०

सलाम मंडळी.

वाशिम जिल्ह्यात पैनगंगेच्या अंगानं आमचं गाव. ख्रिस्ती घरं चौदा. मिशनच्या काळातलं टिनाचं चर्च आहे. पाळकसाहेब पंधरवड्यातून एकदा फटफटीवर येतात, बाकीच्या रविवारी आम्ही वडील मंडळीच आळीपाळीनं वचन वाचतो, चार शब्द बोलतो. म्हणजे मीही बोलतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची लाज त्याच्यामुळंच दुप्पट आहे.

मी खर्रा खातो, म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना घोटलेली पुडी. चोवीस वर्षं झाली. दिवसाला चार पुड्या, वेचणीच्या दिवसांत सहा. दर लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात, सोडतो. यंदाचं सहावं वर्ष. १८ फेब्रुवारीला सोडला. हरभरा काढला, गहू काढला, हळद शिजवली, एक पुडी तोंडात गेली नाही. शुभ शुक्रवारी क्रुसावरच्या सात उद्गारांपैकी सहावा माझ्या वाट्याला होता, "पूर्ण झाले आहे." दहा मिनिटं बोललो, दोघीतिघींनी डोळे पुसले. रविवारी, ५ एप्रिलला, पहाटे पाचला कब्रस्थानात ईस्टरची उपासना झाली. घरी येऊन जेवलो, निजलो.

तीन वाजता उठलो आणि ठेल्यावर गेलो. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी आग्रह केला नव्हता. पायच तिकडं वळले. ठेलेवाल्यानं न विचारता पन्नी घेतली, सुपारी टाकली, तंबाखू टाकला, चुन्याचं बोट फिरवलं आणि घोटायला लागला. तो पन्नीचा चरचर आवाज ऐकून तोंडाला पाणी सुटलं, तेव्हा कुठं मला कळलं की मी तिथं उभा आहे. तो म्हणाला, "संपला का उपास?" मी म्हटलं, "संपला."

दोन दिवस झाले, तो शब्द डोक्यातून जात नाही.

बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात प्रेषित पौल शर्यतीचं बोलतो. मी आपलं शरीर कुदलतो, त्याला दास करून ठेवतो, नाहीतर दुसऱ्यांना घोषणा करून मी स्वतःच पसंतीस न उतरलेला ठरेन, असं म्हणतो. हे वाक्य वचन वाचणाऱ्या माणसासाठीच लिहिलंय असं वाटतं. खर्ऱ्यानं माणूस नरकात जातो का, हे मी विचारत नाही. ज्याला एक पुडी चाळीस दिवसांच्या पुढं आवरत नाही, तो शेवटपर्यंत टिकणार कसा, हे विचारतोय.

---

सोळाशे_मीटर | ७ एप्रिल, रात्री १०:१५

भाऊ, मी ख्रिश्चन नाई. पन धावन्याचं निघालं म्हनून लिहून राहिलो. पोलीस भरतीची तयारी करतो, वाशिमच्याच मालेगावकडचा हाव.

सोळाशे मीटर म्हंजे चारशेचे चार राऊंड. पाच मिनिटं दहा सेकंदात आलं त पुरे वीस मार्क. पयला राऊंड जोशात जाते. दुसरा दमावर निघते. चौथ्यात लाईन दिसते, मंग मेलेलं मानूसबी पयते. मारते तो तिसरा. तिसऱ्या राऊंडले कोनी टाळ्या वाजवत नाई, कोनी नाव घेत नाई, अन् पोटात कळ येते. आमचे निम्मे पोट्टे तिथंच बसतात.

तुमचं असं झालं का तुमी रेसच चाळीस दिवसाची लावली. मंग ते चाळीस दिवसात संपली. त्यात चुकलं काय? तुमी त पास झाले ना बाप्पा! तिसरा राऊंड तुमचा आत्ता सुरू झाला.

---

माळकरी | ७ एप्रिल, रात्री ११:०२

सोळाशे_मीटर, तुझ्या चारही राऊंडांना रामराम.

आमच्यात म्हणतात, एकादशी आणि दुप्पट खाशी. हसू नका, रोग तोच आहे. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, आणि रात्री बारा वाजायची वाट.

पण माळ घातलेल्या माणसाचं मी जवळून पाहिलंय. आमच्या वडिलांनी पन्नाशीत माळ घातली आणि मटण, दारू दोन्ही सुटलं ते गेले तोवर. मी त्यांना एकदा विचारलं होतं, इच्छा होत नाही का? म्हणाले, होते ना. पण गळ्यात माळ दिसते, आणि माळ पाहणारं अख्खं गाव दिसतं. लग्नाच्या पंगतीत वाढपी मटणाची बादली घेऊन आला की त्यांच्या पत्रावळीवरून हात आपोआप पुढं न्यायचा. त्यांना काही बोलावंच लागत नव्हतं.

तुमचा उपास तुमच्या खिशात होता, भाऊ. ठेलेवाल्याला एकट्याला ठाऊक होता. चौदा घरांपैकी किती जणांना माहीत होतं?

---

धुऱ्यावरचा | ८ एप्रिल, सकाळी ६:१०

एकालाही नाही. बायकोला फक्त. खर्रा खातो हे सगळ्यांना माहीत आहे, सोडतो हे कोणाला नाही. उपास गुप्तपणे करावा, तोंड उतरवून लोकांना दाखवू नये, अशी प्रभूची शिकवण आहे (मत्तय ६), म्हणून सांगितलं नव्हतं. आता वाटतंय, त्या वचनामागं मी लपलो होतो. सांगितलं असतं तर परत खाताना लाज वाटली असती, म्हणून नाही सांगितलं.

---

कृपेनेच | ८ एप्रिल, सकाळी ८:३०

धागाकर्ते, मूळ पायाच चुकतोय. इफिसकरांस २:८-९ वाचा. तारण कृपेनं आहे, विश्वासाच्या द्वारे आहे, कर्मांनी नाही. खर्रा सोडून सार्वकालिक जीवन मिळत नाही आणि खाऊन जात नाही. तुम्ही चाळीस दिवसांचा हप्ता भरून देवाकडं पावती मागताय. हे आपल्याकडं मिशनऱ्यांनी शिकवलेलं नाही, नवसाच्या सवयीतून आलेलं आहे. एकदा तारला तो तारला. निर्धास्त राहा.

---

माहेर_दारव्हा | ८ एप्रिल, दुपारी १:१५

निर्धास्त कोणी राहायचं, जरा सांगता का? यांनी, की घरातल्यांनी?

आमच्या घरीही लेंटमध्ये खर्रा सुटायचा. पहिले आठ दिवस ताट आपटलं जायचं. भाजीत मीठ कमी, मीठ जास्त, पोरानं मोबाइल का घेतला, म्हशीला पाणी का नाही. सासूबाई म्हणायच्या, उपास आहे बाई त्याचा, सांभाळून घे. मी सांभाळलं. पहाटे चारला उठून पाणी भरायचं, डब्बा करायचा, निंदायला जायचं, आणि वरून यांच्या उपासाचा ताप. आम्ही बारा महिने जे करतो त्याला कोणी इंद्रियदमन म्हणत नाही.

यशयाचा ५८ वा अध्याय काढा. देव म्हणतो, तुम्ही उपास करता तो भांडायला, मुठी उगारायला. एकदा घरच्या प्रार्थनेत मी तोच अध्याय वाचायला घेतला. यांनी बायबलकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी विहिरीवरून दोन हंडे स्वतः आणले. खर्रा सुटला नाही, खरं सांगते. पण त्या वर्षीपासून ताट आपटलं नाही.

---

रात्रपाळी | ९ एप्रिल, पहाटे ३:५०

मी नर्स आहे, अमरावती धर्मप्रांतातली कॅथलिक. ड्युटीवर आहे, पेशंट झोपलेत, म्हणून लिहिते.

शरीराचं आधी. तंबाखू सोडला की चिडचिड, डोकं दुखणं, झोप न येणं हे सगळं पहिल्या काही दिवसांत जोरात असतं आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत उतरतं. म्हणजे ईस्टरच्या दुपारी तुमचं शरीर तंबाखू मागत नव्हतं. पाय, हात आणि तो पन्नीचा आवाज मागत होता. ताईंचे यजमान पहिले आठ दिवस ताट का आपटायचे तेही यातच आलं. माफी नाही, कारण सांगितलं.

दुसरं. आरशासमोर उभे राहा आणि तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून पाहा. सुपारीनं गालाच्या आतलं मांस कडक होत जातं, तोंड उघडणं कमी होतं. तीन बोटं जात नसतील तर दाखवायला उशीर करू नका. आधी हे, मग धर्मशास्त्र. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६.

आता आमच्याकडचं. चाळीस दिवस मोजताना आम्ही रविवार धरत नाही. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत मोजलेत तर शेहेचाळीस भरतात, त्यातले सहा रविवार वगळायचे. कारण प्रत्येक रविवार हा छोटा ईस्टरच. मला यात शहाणपण दिसतं. पण त्याहून मोठा आधार पापनिवेदनाचा. फादरसमोर तेच तेच पाप बाराव्यांदा सांगताना जी लाज वाटते, ती माळकरी यांच्या वडिलांच्या माळेसारखी असते. फादर एकदा मला म्हणाले, तेच पाप घेऊन येतेस म्हणून वाईट वाटून घेऊ नको, येणं थांबवशील तेव्हा घे.

---

जुनी_वही | ९ एप्रिल, संध्याकाळी ७:२०

निवृत्त पाळक आहे. यवतमाळच्या सेमिनरीत शिकलो. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली, त्याच्या आधीच्या शेवटच्या बॅचांपैकी आमची एक. थोडं लांबेल.

करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. पौल करिंथात दीड वर्ष राहिला, पोटासाठी तंबू शिवत होता. पत्र वाचणाऱ्या प्रत्येकानं ती धाव डोळ्यांनी पाहिलेली असणार, जसा आपल्याकडं कोणीही शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेला असतो. जिंकणाऱ्याला मिळायचं काय? पाइनच्या डहाळीचा मुकुट, आणि कित्येक वर्षं तर वाळलेल्या सेलरीचा. कोथिंबिरीच्या कुळातली भाजी ती, तीही वाळलेली! पौल 'नाशवंत हार' म्हणतो तेव्हा ऐकणारे हसले असतील. तिकडं ऑलिंपियात उतरणाऱ्याला तर दहा महिने सराव केल्याची शपथ घ्यावी लागे. आमच्या सोळाशे_मीटरला हे आवडेल.

'कुदलतो' या शब्दामागचा ग्रीक शब्द मुष्टियुद्धातला आहे. डोळ्याखाली ठोसा मारणं, असा. पण लक्षात घ्या, ठोसा मारणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याचा डोळा दिसत असतो. आधीच्याच ओळीत पौल सांगतो की मी वाऱ्यावर मुठी मारत नाही. तुमचा लेंट बराचसा वाऱ्यावरच्या मुठीसारखा झाला. खर्रा सोडला, पण दुपारी तीनची वेळ, ठेल्याची वाट, रिकामा हात यांना हात लावला नाही.

इब्री लोकांस १२:१ मध्ये दोन गोष्टी टाकायला सांगितल्या आहेत, 'सर्व भार' आणि 'सहज गुंतवणारे पाप'. वेगवेगळ्या. खर्रा पाप की भार, यावर मी तरुण संघात दोन-दोन तास वाद ऐकलेत आणि प्रत्येक वेळी वाद जिंकणारा बाहेर येऊन पुडी उघडायचा. धावणाऱ्याला तो प्रश्न पडत नाही. पटाच्या जोडीवर कोणी पोतं टाकतं का? पोत्यात गहू आहे की रेती, हे विचारायची गरजच नसते.

'धीर' म्हणून आपण जे वाचतो त्याचा मूळ शब्द हुपोमोने. फोड केली तर 'खाली टिकून राहणे'. मला नेहमी जुवाखालचा बैल दिसतो. पळत नाही, पण जू टाकतही नाही.

कृपेनेच यांचं वचन बरोबर, पण एकच ओळ पुढं वाचा. दहाव्या वचनात सत्कृत्यं आहेतच, देवानं आधीच योजून ठेवलेली. फिलिप्पैकरांस २:१२-१३ मध्ये तर शब्दच सांगतात. आपलं तारण साधून घ्या, कारण साधून देणारा देव आहे. एकाच वाक्यात दोन्ही 'साधणं'. यातलं एक उचलून दुसरं टाकणाऱ्यांच्या भांडणात माझी पस्तीस वर्षांची सेवा गेली.

---

कृपेनेच | ९ एप्रिल, रात्री ९:०५

पाळकसाहेब, आदर आहे. पण मग 'पसंतीस न उतरलेला' याचा अर्थ तारण गमावणं असाच घेणार का? संत शेवटपर्यंत टिकतात ते देव धरून ठेवतो म्हणून. आम्हा प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराचं सतरावं प्रकरण याच्यावरच आहे.

---

जुनी_वही | ९ एप्रिल, रात्री ९:४८

तुम्ही नागपूरकडचे दिसता, स्कॉटिश मिशनच्या वळणाचे. धागाकर्ते वाशिमचे, तिकडं नाझरीन मंडळी. यवतमाळला फ्री मेथडिस्ट. हे दोघं मेथडिस्ट परंपरा सुरू करणाऱ्या वेस्लीच्या वळणाचे. ते म्हणणार, माणूस घसरू शकतो, जपून राहा. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एक झाल्या, तरी हा वाद एक झाला नाही. तो मी या धाग्यावर मिटवणार नाही.

एवढं सांगतो. 'पसंतीस न उतरलेला' यामागचा ग्रीक शब्द धातू पारखण्यातला आहे. कापूस खरेदी केंद्रावर नेलात की ओलाव्याचं यंत्र खुपसतात. बारा टक्क्यांच्या वर गेलं की गाडी परत. तेव्हा शेतकरी "हा कापूस माझा नाही" असं म्हणत नाही. घरी नेतो, आणि पुन्हा उन्हात टाकतो.

---

माळकरी | ९ एप्रिल, रात्री १०:१०

आणि पाणी मारून नेणारे? :)

---

जुनी_वही | ९ एप्रिल, रात्री १०:१४

त्यांच्यासाठी वेगळं प्रवचन आहे.

---

चांदाकर | १० एप्रिल, सकाळी १०:३०

बाहेरून बंदी करून काही होत नाही, हे चंद्रपूरवाल्यांना विचारा. २०१५ ला दारूबंदी झाली, २०२१ ला उठली. मधल्या काळात दुकानं बंद होती. एवढंच बोलतो.

---

माहेर_दारव्हा | १० एप्रिल, सकाळी ११:४०

चांदाकर, दुकानं बंद होती तेव्हा किती बायकांच्या घरात संध्याकाळी शांतता होती, तेही एवढंच बोलून टाका. कुंपणानं पीक येत नाही, मान्य. पण कुंपण काढून बघा, रोही काय ठेवतात ते.

---

रात्रपाळी | १० एप्रिल, रात्री ११:३०

ताई, +१.

अवांतर: यंदाचा ईस्टर ५ एप्रिलला आला, त्याच तारखेला १९२२ मध्ये पंडिता रमाबाई गेल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी करत होत्या. आदल्याच वर्षी मुलगी मनोरमा गेली होती, तरी काम थांबवलं नाही. ते बायबल छापून आलं १९२४ मध्ये, त्या गेल्यावर. टिकण्याबद्दल वाचते तेव्हा मला तुरुंग, शहीद वगैरे आठवत नाहीत. टेबलावरचे कच्चे कागद तपासणारी, ऐकू कमी येणारी, थकलेली बाई आठवते.

---

धुऱ्यावरचा | १२ एप्रिल, रात्री ८:५५

तीन बोटं जात नाहीत. अडीच म्हणा.

आज रविवार, वाचन माझ्याकडं होतं. ठरवलेला उतारा सोडून प्रेषितांची कृत्ये २४ वाचलं. पौल फेलिक्स सुभेदारासमोर नीतिमत्त्व, इंद्रियदमन आणि पुढचा न्याय याबद्दल बोलतो. फेलिक्सला भीती वाटते आणि तो म्हणतो, आता जा, सवड झाली की बोलावीन. मी वाचून थांबलो आणि म्हटलं, ही सवड मी सहा वर्षं काढतोय. हंगाम झाला की, वेचणी झाली की, पोरीचं लग्न झालं की. मग खर्ऱ्याचं सगळं सांगितलं, ईस्टरच्या दुपारसकट.

कोणी काही बोललं नाही. पंखा फिरत होता. मग आमच्या मंडळीतली सगळ्यात म्हातारी आजी, ऐंशीच्या पुढची, मागच्या बाकावरून म्हणाली, "पुडी आहे का खिशात?" होती. "दे इकडं." मी नेऊन दिली. तिनं ती उघडली, वास घेतला, आणि कनवटीला लावली. म्हणाली, मी मिसरी लावते साठ वर्षांपासून, मले कोणी विचारलं नाही कधी.

आता काय बोलावं कळेना. सगळे हसले. मीही.

---

जुनी_वही | १२ एप्रिल, रात्री ९:३०

आजीबाईंना सलाम सांगा.

एक दाखवायचं राहिलं होतं. तीमथ्याला दुसरं पत्र, चौथा अध्याय. सातव्या वचनात पौल म्हणतो, धाव संपवली आहे, विश्वास राखला आहे. ते सगळ्यांना पाठ आहे, कब्रस्थानात दगडांवर कोरलेलं असतं. पण दहावं आणि अकरावं कोणी वाचत नाही. दहाव्यात देमास आहे. फिलेमोनाच्या पत्रात ज्याला सहकारी म्हटलं तो, ऐहिक गोष्टी आवडल्या म्हणून सोडून गेला. अकराव्यात मार्क आहे. हाच मार्क तरुणपणी पंफुल्यातून मागं फिरला होता, त्याच्यावरून पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांचं इतकं बिनसलं की वाटा वेगळ्या झाल्या. आणि इथं म्हातारा पौल म्हणतो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे.

दोघंही मधूनच गेले होते. एकाची ओळ दुसऱ्याच्या ओळीला लागून आहे. मार्क परत नेमका कधी आणि कसा आला, हे कुठंच लिहिलेलं नाही. कदाचित सांगण्यासारखं काही घडलंच नसेल.

---

धुऱ्यावरचा | २ जुलै, रात्री १०:२०

धागा वर काढतोय, कोणीतरी विचारलं म्हणून.

लेंटसारखी शपथ घेतली नाही. एप्रिलपासून चार वेळा खाल्ला. दोनदा लग्नात, एकदा बियाण्याच्या रांगेत, एकदा उगाच. प्रत्येक वेळी पुढच्या रविवारी मंडळीत सांगितलं. चौथ्यांदा सांगताना आजी म्हणाली, लवकर आटप, उन्ह व्हायलं. तिची मिसरी चालू आहे. तो विषय मी काढत नाही.

डॉक्टरांनी तोंडाचे व्यायाम दिलेत. आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरायच्या, दर आठवड्याला एक वाढवायची. घरात सगळे हसतात, रात्रपाळीताई.

दुपारी तीनची वेळ अजून वाईट जाते. तेव्हा हळदीत जातो. पावसानं दडी मारली आहे, तसंही पाणी द्यावंच लागतंय.

---

सोळाशे_मीटर | ३ जुलै, सकाळी ७:०५

भाऊ, माहं ग्राउंड झालं. पाच एकवीस आले. पुरे मार्क नाई भेटले, लिस्टचं काई खरं नाई. तिसऱ्या राऊंडले बसलो नाई पन.

उद्यापासून पुन्हा चार वाजता निघून राहिलो, मेडशी रोडनं. येता का? धावू नका, चाला.

---

धुऱ्यावरचा | ३ जुलै, सकाळी ७:४०

साडेचार कर. चारला लाईन येते, मोटर सुरू करून येतो.